अभियांत्रिकीच्या आधी प्रगत गणित: करावं की राहू द्यावं?

निळीशाई

नमस्कार. बारावी झाली, अभियांत्रिकीला जायचं पक्कं आहे. शाखेचं अजून नक्की नाही, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल. मध्ये काही महिने मोकळे आहेत आणि प्रगत गणिताचा एक ऐच्छिक कोर्स करता येण्यासारखा आहे. त्यात कॉम्प्लेक्स नंबर, मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन, पोलर कोऑर्डिनेट्स, हायपरबोलिक फंक्शन्स आणि सिद्धता लिहिण्याचा एक भाग आहे.

गणितात मार्क चांगले पडतात, पण ते ओळखीच्या साच्यातली गणितं आल्यामुळे पडतात असा मला दाट संशय आहे. घरात दोन तट पडलेत. दादा म्हणतो, "हेच सगळं पहिल्या वर्षी शिकवणार आहेत, आत्तापासून कशाला डोकं पिकवतेस?" मावशी म्हणते, "पहिल्या वर्षी शिकवत नाहीत, उरकतात." कोणाचं ऐकू?

पुलबांध्या

दादाचं. स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये माझं आयुष्य गेलं. हायपरबोलिक फंक्शन प्रत्यक्ष कामात भेटलं ते लोंबत्या केबलचा आकार काढताना, आणि तिथेही झोल कमी असल्याने पॅराबोला धरून भागलं. रोज लागतात ती एककं, गुणाकार-भागाकार आणि 'हे उत्तर शक्य कोटीतलं तरी आहे का' हा अंदाज. मोकळे महिने आहेत तर एखादं यंत्र उघडून बघा, ड्रॉइंग वाचायला शिका. गणित काय, चार वर्षं आहेच पाठीमागे लागलेलं.

ओहमशांती

पुलबांध्या काका, तुमच्याकडे चालत असेल. इलेक्ट्रिकलला कॉम्प्लेक्स नंबर येत नसेल तर एसी सर्किटच्या पहिल्याच धड्याला गाडी अडते. कॉइलवरचं व्होल्टेज करंटच्या बदलाच्या दरावर ठरतं, कपॅसिटरमध्ये उलटं. म्हणजे सरळ मांडायला गेलं तर प्रत्येक सर्किटचं डिफरन्शियल इक्वेशन होतं. १८९३ साली स्टाइनमेट्झ या विद्युत अभियंत्याने शिकागोच्या विद्युत परिषदेत दाखवून दिलं की, पुरवठा एकाच वारंवारतेच्या साइन लहरीचा असेल तर हा सगळा व्याप साध्या बीजगणितात आणता येतो. डेरिव्हेटिव्ह घ्यायच्या ऐवजी एका काल्पनिक संख्येने (उणे १ च्या वर्गमुळाच्या, म्हणजे 'आय'च्या पटीने) गुणायचं, बस. करंट कागदावर बाण म्हणून काढला तर गुणलं की तो बाण ९० अंशांनी फिरतो, आणि कॉइलमध्ये व्होल्टेज करंटच्या ९० अंश पुढे का, ते डोळ्यांना दिसतं. ज्यांना हा फिरणारा बाण दिसत नाही ते सूत्रं पाठ करत बसतात आणि उणे-अधिक चिन्हांत गटांगळ्या खातात.

तेव्हा निळीशाई, तुम्ही इलेक्ट्रिकल घेणार असाल तर मावशींचं ऐका.

निळीशाई

मला अहोजाहो नका करू, प्लीज. पण शाखाच ठरली नाहीये ना!

घनमूळ

पहिल्या वर्षाला गणित शिकवतो, म्हणून जरा लांबण लावतो.

प्रश्नच थोडा तिरका पडलाय. पहिल्या वर्षी मुलं अडकतात ती नव्या गणितात फारशी नाही, जुन्यात. फुरिए सिरीजचं बघ. कल्पना एका तासात समजते: कुठलीही आवर्ती लहर साइन आणि कॉसच्या बेरजेत मांडायची. मग सहगुणक काढायला घेतले की प्रत्येक ठिकाणी इंटिग्रेशन बाय पार्ट्स, नाहीतर साइन-कॉसच्या गुणाकाराची बेरीज करायचं सूत्र. तिथे निम्मा वर्ग गळतो आणि बाहेर जाऊन सांगतो की फुरिए अवघड आहे. लाप्लास रूपांतराचंही, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन बीजगणितात नेऊन सोडवायच्या रीतीचंही, तेच. रूपांतराचा तक्ता सगळ्यांच्या समोर असतो, पण शेवटी एका अपूर्णांकाचे दोन तुकडे करायचे असतात, म्हणजे आंशिक अपूर्णांक, आणि तेच येत नाहीत. पूर्ण वर्ग करणं, लॉगॅरिदमचे नियम, एखादं सूत्र हव्या त्या अक्षरासाठी उलटवून लिहिणं, याच गोष्टी वर्षभर नडतात. परीक्षेत वेळ पुरला नाही म्हणणाऱ्यांचा वेळ यातच गेलेला असतो.

दादाचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. सगळं पहिल्यापासून शिकवतात. पण शाळेतलं दोन वर्षांचं कलन दोन-तीन आठवड्यांत उजळून घेतात आणि पुढे निघतात. थांबत कोणी नाही.

तर आधी स्वतःला तपास. वही घे, कॅल्क्युलेटर बाजूला ठेव, सूत्रांचा कागद नको.

पहिलं, एक भागिले 'क्ष गुणिले (क्ष अधिक २)' याचे दोन सुटे अपूर्णांक कर. दुसरं, 'ई चा उणे क्ष घात' गुणिले 'साइन १० क्ष' याचा आलेख हाताने काढ, बिंदू न मांडता. तिसरं, 'ई चा उणे क्ष घात गुणिले साइन क्ष' याचं शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रेशन. चौथं जरा वेगळं: टाकीच्या तळाला भोक आहे, पाण्याची उंची ज्या वेगाने कमी होते तो उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आहे. समीकरण मांड. आणि न सोडवता आधी सांग, उंची निम्मी व्हायला लागणारा वेळ हा टाकी पूर्ण रिकामी होण्याच्या वेळेच्या निम्मा, कमी की जास्त?

उत्तरं इथे टाकलीस तरी चालेल. येतील तशी टाक.

चिवटकाकू

घनमूळ सरांना अनुमोदन. मी संसार, नोकरी करून मग पदवीला बसले. डोकं गंजत नाही, हात गंजतो. समजायचं सगळं, पण फळ्यावरची पुढची ओळ येईपर्यंत माझी आधीचीच चालू असायची.

अर्धविराम

मी सध्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या वर्गात दोघेजण असलंच पुढचं गणित शिकून आले होते. एकाने पहिलं सत्र 'हे मला येतं' म्हणत शेवटच्या बाकावर काढलं. व्हेक्टर कॅलक्युलस सुरू झालं, ते त्याने आधी केलेलं नव्हतं, आणि तोवर वर्गात बसून शिकायची सवय मोडली होती. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल एका आठवड्यात अंगावर आले तेव्हा बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. दुसरीने गणितातून वाचलेला वेळ इंजिनिअरिंग मेकॅनिक्सला दिला, जो आमच्याकडे खरा मुलं पाडणारा विषय आहे. कोर्स सारखाच होता हो दोघांचा.

पुलबांध्या

हेच म्हणतोय मी. आणि गरज पडली की माणूस शिकतो. ऑलिव्हर हेविसाइडचं बघा. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, तारयंत्रावर काम करायचा. मॅक्सवेलचा विद्युतचुंबकत्वावरचा १८७३ चा ग्रंथ हातात पडला, कळेना. तेव्हा जवळ शाळेतलं बीजगणित आणि त्रिकोणमिती, तेही बरंचसं विसरलेलं. ग्रंथ वाचता यावा म्हणून गणित शिकला आणि पुढे मॅक्सवेलची वीस समीकरणं आज शिकवतात त्या चारांवर आणली. कुठला कोर्स केला होता त्याने?

वजाशून्य

काका, तो त्यासाठी १८७४ मध्ये नोकरी सोडून आईवडिलांच्या घरी राहिला आणि पुन्हा कधी कुठे नोकरी धरली नाही. या मुलीला प्रत्येक सत्रात पाच-सहा विषय, प्रयोगवह्या आणि जर्नल पूर्ण करायचं असणार. गरज पडेल तेव्हा शिकू हे खरं आहे, फक्त गरज पडते ती बरोबर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात.

सिद्धतेचा भाग कोणी उचलला नाही म्हणून लिहितो. माझं मत तोच सर्वांत मोलाचा. एक अधिक क्ष अधिक क्ष वर्ग अधिक क्ष घन, अशी न संपणारी बेरीज 'एक भागिले एक उणे क्ष' एवढी होते, हे शाळेत शिकवतात. आता क्षच्या जागी २ ठेवा. १ + २ + ४ + ८ असं वाढत जाणाऱ्या बेरजेचं उत्तर येतं उणे १. सूत्र चुकलेलं नाही, ते कुठवर चालतं ते आपण विचारलं नाही. अभियंत्याच्या हातात आयुष्यभर दुसऱ्यांनी काढलेली सूत्रं असतात. ती कुठल्या अटीवर उभी आहेत हे विचारायची खोड सिद्धता लिहून लागते, शंभर गणितं सोडवून लागत नाही.

ओहमशांती

वजाशून्य, तत्त्वतः मान्य. पण फुरिएने १८०७ मध्ये उष्णतेवरचा प्रबंध दिला तेव्हा लाग्रांजसारख्या गणितज्ञाने आक्षेप घेतला होता की असली मालिका काढता येणार नाही. मालिका नेमकी कधी जुळते याची नीट सिद्धता दिरिश्लेने दिली १८२९ मध्ये. मधली बावीस वर्षं फुरिए थांबला नाही. आमच्या धंद्यात आधी वापर, मग पुरावा.

वजाशून्य

आणि त्या बावीस वर्षांत कोणी त्या मालिकेवर विमान उडवत नव्हतं. :)

कोडेपंडित

मध्ये तोंड घालतो. थोड्या वेळात कोणीतरी म्हणेलच की आता सगळं संगणक सोडवतो, मग हवंय कशाला. सोडवतो, खरंय. हजार अज्ञात असलेली समीकरणं मी हाताने सोडवायला बसणार नाही. पण संगणकाला काय विचारायचं आणि त्याचं उत्तर कधी मानायचं नाही, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

१९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरानला पेट्रियट या क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या यंत्रणेकडून येणारं स्कड क्षेपणास्त्र निसटलं आणि २८ सैनिक गेले. ती यंत्रणा वेळ मोजायची सेकंदाच्या दहाव्या भागात. एक दशांश ही संख्या बायनरीत लिहायला गेलं तर संपतच नाही, एक तृतीयांश दशांशात संपत नाही तशी. २४ बिटांवर ती कापली होती. एका टप्प्यात चूक नगण्य, पण यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती आणि घड्याळ साधारण ०.३४ सेकंद चुकलं. स्कड तेवढ्यात अर्ध्या किलोमीटरहून जास्त जातं. यात प्रगत म्हणावं असं गणित एक ओळही नाही. चूक साठत जाते का, एवढाच प्रश्न.

कोर्समधलं माझ्या कामाचं काय म्हणाल तर मॅट्रिक्स. पण निर्धारक काढायची हमाली नको. मॅट्रिक्स एखाद्या बाणाला काय करते, ताणते, फिरवते की चपटं करते, ते बघ. कुठले बाण दिशा न बदलता फक्त लांब-आखूड होतात ते शोध. आयगेनव्हेक्टर म्हणजे तेच. इमारतीचं कंपन, कंट्रोल सिस्टीम, चित्र लहान फाइलमध्ये दाबणं, सगळीकडे ते पुन्हा भेटतं.

पुलबांध्या

कंपनाचा विषय निघालाच आहे तर माझ्याच विरुद्ध थोडं बोलतो. टॅकोमा नॅरोजचा पूल ७ नोव्हेंबर १९४० ला पडला, त्याची फिल्म सगळ्यांनी पाहिलेली असते. कित्येक पुस्तकांत खाली 'रेझोनन्स' लिहून मोकळे होतात. तो साधा रेझोनन्स नव्हता. वारा काही पुलाच्या तालावर धक्के देत नव्हता, तो जवळपास एकसारखा वाहत होता. पूल पिळवटायला लागल्यावर त्याच्या हालचालीमुळेच वाऱ्याचा जोर अशा वेळी लागायला लागला की प्रत्येक हेलकाव्याला ऊर्जा मिळत गेली.

हे समजायला एकच समीकरण पुरतं. वस्तुमान गुणिले त्वरण, अधिक डॅम्पिंग गुणिले वेग, अधिक स्प्रिंगचा ताठपणा गुणिले विस्थापन, बरोबर बाहेरचा जोर. डॅम्पिंग धन असेल तर हेलकावे विरतात. हालचालीवर अवलंबून असलेला वाऱ्याचा जोर डावीकडे नेलात आणि वेगासमोरचा आकडा ऋण झाला, तर ते वाढत जातात, बाहेरून तालात ढकलणारं कोणी नसलं तरी. सगळी गोष्ट एका चिन्हात आहे.

आणि शाखेची चिंता करणाऱ्या मुली, ऐक. यात वस्तुमानाच्या जागी कॉइलचा इंडक्टन्स घाल, डॅम्पिंगच्या जागी रेझिस्टन्स, ताठपणाच्या जागी कपॅसिटन्सचा व्यस्त, विस्थापनाच्या जागी विद्युतभार. ओहमशांतींचं सर्किट तयार. मेकॅनिकल घे की इलेक्ट्रिकल, हे एक समीकरण हातात असलं की दोन्हीकडची निम्मी भीती जाते. बाकीचा कोर्स मी अजूनही करणार नाही!

ओहमशांती

काका, आता तुम्हीच कोर्सची जाहिरात करताय.

घनमूळ

त्यांनी लिहिलंय ते समीकरण पुढे सोडवायला घेतलं की कॉम्प्लेक्स नंबर आपोआप येतात. डॅम्पिंग कमी असेल तर वर्गसमीकरणाची मुळं कॉम्प्लेक्स निघतात, आणि त्यांचा काल्पनिक भाग म्हणजे हेलकावा. खऱ्या भागाचं चिन्ह सांगतं हेलकावा विरणार की वाढणार. म्हणून कोर्सच्या यादीतले हे दोन विषय मी वेगळे मानतच नाही.

हायपरबोलिक फंक्शन्सना एक दुपार पुरे. पोलर कोऑर्डिनेट्स कॉम्प्लेक्स नंबरांबरोबर फुकट येतात. सिद्धतेबद्दल वजाशून्यांशी माझं निम्मं पटतं. ज्याला गोडी आहे त्याने जरूर कराव्यात, पण हात कच्चा असताना सिद्धतांच्या मागे लागलेली मुलंही मी पाहिलीत. कल्पना उत्तम, उत्तर कधीच शेवटपर्यंत पोहोचत नाही.

उत्तरांचं काय झालं?

निळीशाई

सगळ्यांचे खूप आभार. वही घेऊन बसले होते.

पहिलं आलं: अर्धा गुणिले, 'एक भागिले क्ष' उणे 'एक भागिले क्ष अधिक २'. आलेखही आला, साइनची लहर दोन विरत जाणाऱ्या रेषांच्या मध्ये दबत जाते.

टाकीचं आधी अंदाजाने 'कमी' लिहिलं, कारण सुरुवातीला पाणी जोरात जातं. मग सोडवलं. उंचीचं वर्गमूळ एकसारख्या वेगाने कमी होतं, हे दिसल्यावर मजा वाटली. उंची निम्मी व्हायला एकूण वेळाच्या साधारण २९ टक्केच लागतात. हे असलं गणित शाळेत कधी आलं नव्हतं.

तिसऱ्याला मात्र एकदा बाय पार्ट्स केलं, साइनचा कॉस झाला. परत केलं, कॉसचा साइन झाला. गोल गोल फिरतेय.

वजाशून्य

२९ टक्के अगदी बरोबर. साच्यातली गणितं येतात म्हणणाऱ्या मुलीचं हे उत्तर नाही.

घनमूळ

तिसऱ्यात फिरतेयस ते योग्य जागी. दुसऱ्या फेरीनंतर उजव्या बाजूला मूळचंच इंटिग्रेशन उणे चिन्हाने आलंय ना? ते डावीकडे घे. दोन पट इंटिग्रेशन बरोबर एक, म्हणून उत्तर अर्धा.

माझा सल्ला आता असा. कोर्स घे, पण पहिले तीन-चार आठवडे जुन्या गणिताचा हात बसव, रोज तासभर, त्याहून जास्त नको. कोर्समध्ये कॉम्प्लेक्स नंबर, मग पुलबांध्यांचं समीकरण, मग मॅट्रिक्स, या क्रमाने जीव लाव. उरलेलं आलं तर आलं. त्याचे मार्क कुठे मोजले जाणार नसतील तर परीक्षेचा ताण घेऊ नकोस. आणि कॉलेज सुरू झाल्यावर पुढच्याच बाकावर बस, येत असलं तरी.

अर्धविराम

शेवटचं वाक्य माझ्या वर्गमित्राला पाठवतोय.

ओहमशांती

तिसऱ्याचा एक आडरस्ता दाखवतो, मग मी गेलो. साइन क्ष एकटा घेऊ नकोस. 'ई चा आय क्ष घात' म्हणजे कॉस क्ष अधिक आय गुणिले साइन क्ष, हे ऑयलरचं सूत्र. म्हणजे तुझं गणित हे 'ई चा (उणे १ अधिक आय) क्ष घात' याच्या इंटिग्रेशनचा काल्पनिक भाग. घातांकी फंक्शनचं इंटिग्रेशन एका ओळीचं: शून्यापासून अनंतापर्यंत उत्तर एक भागिले (१ उणे आय). वर-खाली (१ अधिक आय) ने गुण. अर्धा अधिक अर्धा आय. काल्पनिक भाग अर्धा. बाय पार्ट्स एकदाही नाही.

निळीशाई

थांबा, मग खरा भाग पण अर्धा आहे. म्हणजे साइनच्या जागी कॉस असता तर त्याचंही उत्तर अर्धाच, आणि ते वेगळं काढायलाच लागलं नाही?

ओहमशांती

नाही लागलं.

निळीशाई

मावशीला सांगते. कोर्सचा फॉर्म उद्या भरतेय.